पियानो वाजवणारा शास्त्रज्ञ आणि २३ वर्षं टाळलेला एक शब्द

१८ मे १९७४. राजस्थानातल्या पोखरणच्या वाळवंटात सकाळचे ८ वाजले, तरी ठरलेला स्फोट झाला नव्हता. कारण काय, तर खड्ड्याजवळ शेवटची तपासणी करायला गेलेल्या शास्त्रज्ञाची जीप सुरू होत नव्हती. पाच मिनिटं उशीर झाला. ८ वाजून ५ मिनिटांनी बटण दाबलं गेलं, जमीन उचलली गेली आणि भारत अणुस्फोट करणारा जगातला सहावा देश ठरला.

हे सगळं ज्यांच्या देखरेखीखाली घडलं त्यांचं नाव राजा रामण्णा.

जन्म २८ जानेवारी १९२५, कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातल्या तिपटूरचा. लहानपणापासून दोन गोष्टींचं वेड, भौतिकशास्त्र आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत. आणि गंमत म्हणजे होमी भाभांशी त्यांची ओळख झाली ती विज्ञानामुळे नाही, तर संगीतामुळे. १९४४ साली संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या एका परीक्षकांनी दोघांची गाठ घालून दिली. भाभा स्वतः संगीत आणि चित्रकलेतले दर्दी. पियानो उत्तम वाजवणारा हा विशीतला मुलगा त्यांच्या लक्षात राहिला. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून पीएचडी करून रामण्णा परतले आणि १९४९ मध्ये भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये रुजू झाले. तेव्हापासून मुंबई हीच त्यांची कर्मभूमी.

पुढची काही वर्षं ट्रॉम्बेची. ४ ऑगस्ट १९५६ ला तिथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. त्या चमूत रामण्णा होते. १९५७ मध्ये सुरू झालेल्या ट्रेनिंग स्कूलची जबाबदारीही त्यांनी उचलली. आपल्याकडे स्फोटाचीच चर्चा होते, पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम हे स्कूल आहे. देशातल्या अणुशास्त्रज्ञांच्या पिढ्या तिथूनच बाहेर पडल्या.

२४ जानेवारी १९६६ ला भाभांचं विमान माँ ब्लाँ शिखरावर कोसळलं. त्यांच्या जागी आलेले विक्रम साराभाई बॉम्बच्या बाजूचे नव्हते. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाईही गेले. अणुऊर्जा आयोग होमी सेठनांकडे आला आणि १९७२ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले रामण्णा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंदिरा गांधी ट्रॉम्बेला आल्या आणि त्यांनी तोंडी होकार दिला.

बॉम्ब बनवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

मुळात हवं प्लुटोनियम, आणि ते निसर्गात खाणीतून काढता येत नाही. अणुभट्टीत युरेनियम वापरलं की त्यातला काही भाग प्लुटोनियममध्ये बदलतो, मग तो रासायनिक प्रक्रियेने वेगळा काढावा लागतो. या प्लुटोनियमच्या काही किलोच्या गोळ्याभोवती साध्या स्फोटकांचं कवच बसवतात. हे कवच सगळ्या बाजूंनी एकाच क्षणी फुटलं पाहिजे. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकीही चूक महागात पडू शकते. गोळा आत दाबला जातो, नेमक्या वेळी त्यात न्यूट्रॉन सोडले जातात आणि साखळी प्रक्रिया सुरू होते. गणितं, भट्टीतले प्रयोग आणि प्लुटोनियमचं काम ट्रॉम्बेत झालं. स्फोटकांचं काम चंदीगडच्या संरक्षण प्रयोगशाळेत. सामील असलेले शास्त्रज्ञ आणि अभियंते जेमतेम ७५ च्या आसपास, आणि कागदावर शक्य तितकं कमी. मंत्रिमंडळातल्या बहुतेकांनाही पत्ता नव्हता.

जाता जाता एक गैरसमज. ती चाचणी बुद्धपौर्णिमेला झाली असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण १९७४ ची बुद्धपौर्णिमा ६ मे रोजी होती, १८ मे म्हणजे अमावस्या जवळ आली होती. बुद्धपौर्णिमेला झाल्या त्या ११ मे १९९८ च्या चाचण्या.

आता खरी अडचण. हे प्लुटोनियम आलं होतं ट्रॉम्बेच्या 'सायरस' भट्टीतून. भट्टी कॅनडाने दिलेली, त्यातलं जड पाणी अमेरिकेचं, आणि दोघांनाही शब्द दिलेला की वापर फक्त शांततेसाठी. म्हणून भारताने या स्फोटाला 'शांततापूर्ण अणुस्फोट' म्हटलं. ही कल्पना अगदीच हवेतली नव्हती. कालवे खोदायला, खाणी फोडायला अणुस्फोट वापरता येतील का, यावर अमेरिका आणि सोव्हिएत संघ तेव्हा खरोखर प्रयोग करत होते. पण कॅनडाला हे पटलं नाही. त्यांनी मदत थांबवली आणि राजस्थानातली अर्धवट राहिलेली दुसरी अणुभट्टी आपल्या लोकांना पूर्ण करावी लागली. पुरवठादार देशांनी एकत्र येऊन गट बनवला, तोच आजचा एनएसजी. झळ महाराष्ट्रालाही बसली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या तारापूरच्या भट्ट्या अमेरिकी इंधनावर चालायच्या. १९७८ च्या अमेरिकी कायद्यानंतर ते इंधन अडलं आणि शेवटी फ्रान्सकडून घ्यावं लागलं. भिवंडी-ठाण्याकडे तारापूर म्हटलं की एमआयडीसी आठवते, ही बाजू फारशी कुणी सांगत नाही.

रामण्णांना १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळालं. पुढे ते संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले, १९८३ ते १९८७ अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते, १९९० मध्ये व्ही. पी. सिंह सरकारात संरक्षण राज्यमंत्री आणि नंतर राज्यसभेचे सदस्य. मधल्या काळात त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य संगीत यांच्या रचनेवर एक पुस्तकही लिहिलं.

'शांततापूर्ण' हा शब्द मात्र अधिकृतपणे तसाच चालू होता. १९९७ मध्ये रामण्णांनीच तो बाजूला ठेवला. पीटीआय या वृत्तसंस्थेशी बोलताना १९७४ चा तो स्फोट बॉम्बचाच होता, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं. कॅनडा २३ वर्षं हेच म्हणत होता. देशाला तेव्हा दुसरा मार्ग नव्हता असं म्हणणारे आजही आहेत, आणि त्यांच्याकडे चीनच्या १९६४ च्या चाचणीचं कारण आहे. तरी दिलेला शब्द मोडला गेला होता, हेही त्या कबुलीतून उघड झालं.

पुढच्याच वर्षी पोखरणला पाच चाचण्या झाल्या, आणि या वेळी सरकारने पहिल्याच दिवशी त्यांना अण्वस्त्र चाचण्या म्हटलं. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष आर. चिदंबरम हे १९७४ च्या चमूतलेच. रामण्णांनी ते सगळं पाहिलं. २४ सप्टेंबर २००४ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.