हाफ एम व्ही स्क्वेअर

मेकॅनिक्सच्या पेपरात आपण ‘हाफ एम व्ही स्क्वेअर’ डोळे मिटून लिहितो. पण त्यातल्या स्क्वेअरवरून एके काळी युरोपात जोरदार भांडण झालं होतं, आणि त्यात एक फ्रेंच बाई ठामपणे उतरली होती. एमिली द्यु शातले. मला तरी हे नाव कुठल्याच टेक्स्टबुकात भेटलं नाही.

जन्म १७०६ चा, पॅरिसचा. घर बडं, पण मुलींना कॉलेजची दारं बंद. मग मोपेर्त्वी, क्लेरो अशा गणितज्ञांकडून ती खाजगीत शिकली.

चालत्या वस्तूतला जोर कशाने मोजायचा? न्यूटनवाले म्हणत, मास गुणिले वेग. लायब्निझवाले म्हणत, वेगाचा वर्ग घ्या. हॉलंडच्या ग्रावेसांदेने पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले. वेग दुप्पट केला की खड्डा चौपट! न्यूटनची भक्त असूनही एमिलीने १७४० च्या आपल्या पुस्तकात वर्गाची बाजू घेतली, आणि पुढच्याच वर्षी पॅरिस अकादमीच्या सचिवाशी छापील वाद घातला. (आज आपण दोन्ही वापरतो, एक मोमेंटम, दुसरी एनर्जी. तो ‘हाफ’ मात्र कोरिऑलिसचा, १८२९ चा.)

बेचाळीस वर्षांची असताना तिला दिवस गेले. यातून आपण वाचणार नाही, अशी धास्ती तिने घेतली होती. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चं फ्रेंच भाषांतर हातात होतं, रात्री जागून तिने ते उरकलं आणि हस्तलिखित राजाच्या ग्रंथालयात पाठवून दिलं. सप्टेंबर १७४९ मध्ये मुलगी झाली, आणि आठवड्याच्या आत एमिली गेली. संपूर्ण भाषांतर १७५९ मध्ये छापून आलं.