मिकी थॉम्पसन

मॅरियन ली 'मिकी' थॉम्पसन (जन्म : ७ डिसेंबर १९२८, अल्हॅम्ब्रा, कॅलिफोर्निया, मृत्यू : १६ मार्च १९८८, ब्रॅडबरी, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन मोटारशर्यतपटू, मोटाररचनाकार आणि शर्यतींचे संयोजक होते. ड्रॅग रेसिंग या शर्यतप्रकाराच्या आरंभीच्या काळात त्यांनी 'स्लिंगशॉट' पद्धतीची गाडी घडवली. ९ सप्टेंबर १९६० रोजी यूटा राज्यातील बॉनव्हिल येथे ताशी ४०६.६० मैल (सुमारे ६५४ किलोमीटर) वेग गाठून ताशी ४०० मैलांचा टप्पा ओलांडणारे ते पहिले अमेरिकन चालक ठरले. पुढे त्यांनी टायरनिर्मिती, वाळवंटी शर्यती आणि क्रीडागारांत होणाऱ्या शर्यती या क्षेत्रांतही काम केले. वयाच्या ५९व्या वर्षी त्यांची व त्यांच्या पत्नीची राहत्या घराबाहेर हत्या झाली.

पार्श्वभूमी

ड्रॅग रेसिंग म्हणजे दोन गाड्यांनी उभ्या जागेवरून एकाच वेळी सुटून सरळ, आखूड धावपट्टीवर लावलेली शर्यत. तिचे रूढ अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर असते. शाळा-महाविद्यालयांच्या मैदानावरील धावण्याच्या मार्गाची एक फेरी साधारण एवढीच भरते. वळणे नसल्यामुळे या शर्यतीत चालकाच्या कौशल्याइतकेच महत्त्व गाडीच्या जागेवरून झेप घेण्याच्या क्षमतेला असते. विदर्भातील शंकरपटात बैलजोड्या आखलेल्या सरळ दाणीवरून काही सेकंदांत धावून जातात आणि सुरुवातीच्या क्षणीच निम्मा निकाल ठरतो. तसेच काहीसे या शर्यतीचे आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या गाड्यांची मोडतोड करून त्या हलक्या व वेगवान बनवत आणि कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर पळवत. अशा गाड्यांना 'हॉट रॉड' म्हणत. युद्धानंतर हा छंद फोफावला आणि शहरांच्या रस्त्यांवर रात्री-अपरात्री शर्यती होऊ लागल्या. त्यांतून अपघात वाढले. या शर्यती रस्त्यावरून हटवून बंदिस्त जागी नेण्याची गरज त्यातून निर्माण झाली. १९५० मध्ये सँटा ॲना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे आकारून नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली आणि तिने सुरक्षिततेचे नियम व गाड्यांचे वर्ग ठरवले. थॉम्पसन यांची कारकीर्द याच काळात आकाराला आली.

प्रारंभीची कारकीर्द

तरुणपणी थॉम्पसन 'लॉस एंजेलिस टाइम्स' या वृत्तपत्राच्या छापखान्यात यंत्रचालक म्हणून नोकरी करत. नोकरी सांभाळून ते गाड्या बांधत आणि शर्यतींत उतरत. त्या काळातील बहुतेक हॉट रॉड बांधणाऱ्यांप्रमाणे त्यांचेही शिक्षण कार्यशाळेतच झाले. बाजारात सहज मिळणारे, रोजच्या वापरातील गाड्यांचे सुटे भाग घेऊन त्यांच्याकडून अपेक्षेबाहेरचे काम करून घेणे, हे त्यांच्या रचनांचे वैशिष्ट्य अखेरपर्यंत टिकले.

स्लिंगशॉट गाडी

गाडी जागेवरून सुटते तेव्हा इंजिनाची शक्ती मागच्या चाकांवर येते. या चाकांवर पुरेसा भार नसेल तर ती जमिनीवर पकड न घेता जागच्या जागी फिरतात आणि शक्ती वाया जाते. इंजिनाची ताकद वाढवत नेली तरी वेळ कमी होत नाही, हा अनुभव १९५० च्या दशकाच्या आरंभी अनेकांना येत होता.

थॉम्पसन यांनी या अडचणीचे उत्तर इंजिनात न शोधता वजनाच्या मांडणीत शोधले. १९५४ मध्ये बांधलेल्या गाडीत त्यांनी चालकाचे आसन मागच्या ॲक्सलच्याही मागे नेले आणि मागच्या चाकांमधील अंतर कमी केले. त्यामुळे चालकाचे वजन मागच्या चाकांच्या पकडीच्या कामी आले. लांब, अरुंद सांगाड्याच्या अगदी शेवटी बसलेला चालक गलोलीच्या रबरात धरलेल्या खड्यासारखा दिसे. म्हणून या रचनेला स्लिंगशॉट, म्हणजे गलोल, हे नाव पडले. १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे झालेल्या असोसिएशनच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत ही गाडी उतरली. अशा प्रकारची पहिली गाडी बांधण्याचे श्रेय सामान्यतः थॉम्पसन यांना दिले जाते. पुढील सुमारे दीड दशक सर्वांत वेगवान ड्रॅग गाड्या याच रचनेच्या होत्या.

या रचनेत एक धोकाही होता. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स चालकाच्या पुढे असत व त्याचे पाय त्यांच्या लगत येत. यंत्र फुटल्यास त्याचे तुकडे थेट चालकावर येत. ८ मार्च १९७० रोजी डॉन गार्लिट्स या ख्यातनाम चालकाच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्यानंतर गार्लिट्स यांनी इंजिन चालकाच्या मागे असणारी गाडी विकसित केली. १९७१ पासून तिला यश मिळू लागले आणि स्लिंगशॉटचा काळ संपला.

लायन्स ड्रॅग स्ट्रिप

गार्लिट्स यांचा हा अपघात ज्या धावपट्टीवर घडला, तिचे पहिले व्यवस्थापक थॉम्पसन हेच होते. रस्त्यावर शर्यती लावणाऱ्या मुलांना सुरक्षित जागा मिळावी म्हणून लाँग बीच परिसरातील लायन्स क्लबांनी विल्मिंग्टन येथे ही धावपट्टी उभारली. ऑक्टोबर १९५५ मध्ये ती सुरू झाली. समुद्रसपाटीलगत असल्यामुळे तेथील हवा थंड व दाट असे. दाट हवेत प्राणवायू अधिक असल्याने इंजिनात जास्त इंधन जळते व शक्ती वाढते. त्यामुळे तेथे विक्रमी वेळा नोंदवल्या जात.

त्या काळी शर्यतीचा आरंभ झेंडा उंचावून केला जाई. झेंडा दाखवणाऱ्याच्या हालचालीचा अंदाज घेऊन काही चालक आधीच गाडी सोडत आणि त्यावरून वाद होत. झेंड्याऐवजी दिव्याच्या संकेताने शर्यत सुरू करण्याच्या पद्धतीचा थॉम्पसन यांनी पुरस्कार केला. लायन्स धावपट्टी १९७२ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली.

चॅलेंजर १ आणि बॉनव्हिल

जमिनीवरील वेगाचा जागतिक विक्रम १९४७ पासून ब्रिटनच्या जॉन कॉब यांच्या नावावर होता. त्यांच्या गाडीत विमानाची दोन इंजिने होती. थॉम्पसन यांनी आपल्या 'चॅलेंजर १' या गाडीसाठी पाँटियॅक कंपनीच्या प्रवासी मोटारींची चार व्ही-८ इंजिने वापरली. एकूण ३२ सिलिंडरांची ही इंजिने स्वतंत्र गिअरबॉक्सांना जोडलेली होती. दोन इंजिने पुढची चाके फिरवत आणि दोन मागची. गाडीच्या बांधणीत फ्रिट्झ व्हॉइट हे तंत्रज्ञ त्यांचे प्रमुख सहकारी होते. टायर गुडइयर कंपनीने खास तयार केले. १९५९ च्या चाचण्यांनंतर इंजिनांत अधिक हवा दाबून भरणारे सुपरचार्जर बसवण्यात आले.

१९६० चा उन्हाळा बॉनव्हिलच्या मिठागरासाठी अशुभ ठरला. १ ऑगस्टला ॲथॉल ग्रॅहॅम हा चालक याच प्रयत्नात मरण पावला. त्यानंतर सव्वा महिन्याने, ९ सप्टेंबर रोजी, थॉम्पसन यांनी एका दिशेच्या धावेत ताशी ४०६.६० मैल वेग गाठला. या वेगाने एक किलोमीटर अंतर सुमारे साडेपाच सेकंदांत पार होते. मात्र विक्रमाच्या मान्यतेसाठी एका तासाच्या आत उलट दिशेनेही धाव घ्यावी लागते आणि दोन्ही धावांची सरासरी धरली जाते. परतीच्या धावेत शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा तुटली. त्यामुळे कॉब यांची सरासरी, ताशी ३९४.२० मैल, अधिकृत विक्रम म्हणून कायम राहिली आणि थॉम्पसन यांची धाव एका दिशेची नोंद म्हणून उरली. त्यानंतर आठवडाभरातच ब्रिटनचे डोनाल्ड कॅम्पबेल त्याच ठिकाणी झालेल्या भीषण अपघातातून थोडक्यात बचावले.

इंडियानापोलिस ५००

१९६२ मध्ये थॉम्पसन यांनी इंडियानापोलिस ५०० या प्रतिष्ठेच्या शर्यतीत लक्ष घातले. तेथे तोपर्यंत पुढे इंजिन असलेल्या, शर्यतीसाठीच घडवलेल्या इंजिनांच्या गाड्यांचे वर्चस्व होते. थॉम्पसन यांनी ब्रिटिश रचनाकार जॉन क्रॉस्थवेट यांच्या साहाय्याने मागे इंजिन असलेली गाडी आणली आणि तिला ब्यूइक मोटारीच्या ॲल्युमिनिअम इंजिनाचा आधार दिला. डॅन गर्नी यांनी पात्रता फेरीत तिला आठवे स्थान मिळवून दिले. शर्यतीत ९२ फेऱ्यांनंतर यांत्रिक बिघाडामुळे ती थांबली. १९६३ मध्ये त्यांनी १२ इंची लहान चाके आणि रुंद टायर असलेली अतिशय बुटकी गाडी आणली. तिच्यावर टीका झाली आणि पुढील वर्षासाठी चाकांच्या किमान आकाराचा नियम करण्यात आला.

१९६४ ची शर्यत त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत दुःखद घटना ठरली. ३० मे रोजी दुसऱ्याच फेरीत त्यांच्या संघाचे चालक डेव्ह मॅकडॉनल्ड यांचा गाडीवरील ताबा सुटला. गाडी आतल्या भिंतीवर आदळून पेटली आणि मार्गावर परत आली. मागून येणारे एडी सॅक्स तिच्यावर आदळले. दोघेही मृत्युमुखी पडले. अपघातामुळे ही शर्यत थांबवण्याची ती पहिलीच वेळ होती. सरावादरम्यान ही गाडी हाताळण्यास अवघड असल्याची तक्रार काही चालकांनी केली होती. त्यामुळे थॉम्पसन यांच्या प्रयोगशीलतेवर कठोर प्रश्न उपस्थित झाले. या दुर्घटनेनंतर तेथील गाड्या पेट्रोल सोडून मेथॅनॉलकडे वळल्या आणि इंधनटाक्यांच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले.

पुढील काळ

१९६३ मध्ये थॉम्पसन यांनी स्वतःच्या नावाने टायरनिर्मितीचा व्यवसाय सुरू केला. जमिनीशी अधिक संपर्क ठेवणारे रुंद टायर हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९६९ मध्ये त्यांच्या मस्टँग 'फनी कार'ने डॅनी ओंगाइस यांच्या हाती राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा जिंकली. १९७३ मध्ये त्यांनी वाळवंटी शर्यतींसाठी 'स्कोर इंटरनॅशनल' ही संस्था स्थापन केली. पुढे पत्नी ट्रूडी यांच्या साथीने मोठ्या क्रीडागारांत माती पसरून तेथे खडतर मार्गावरील शर्यती भरवल्या. दूर वाळवंटात चालणारा खेळ त्यामुळे शहरातील प्रेक्षकांसमोर आला.

हत्या व खटला

१६ मार्च १९८८ रोजी सकाळी ब्रॅडबरी येथील घरातून कामावर निघताना दोन बंदूकधाऱ्यांनी थॉम्पसन पती-पत्नींवर गोळ्या झाडल्या आणि ते सायकलींवरून पसार झाले. मारेकऱ्यांची ओळख पटली नाही. माजी व्यावसायिक भागीदार मायकेल गुडविन यांच्याविरुद्ध थॉम्पसन यांनी ५ लाख डॉलरहून अधिक रकमेचा दावा जिंकला होता. दीर्घ तपासानंतर जानेवारी २००७ मध्ये गुडविन यांना हत्येसाठी दोषी ठरवण्यात आले आणि जन्मठेपेची शिक्षा झाली.

वारसा

थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये बॉनव्हिलसाठी दुसरी गाडी बांधली होती. पण पावसाने मिठागर भिजले आणि प्रायोजकांचा पाठिंबाही संपला, त्यामुळे ती पडून राहिली. १९८८ च्या आरंभी ती पुन्हा मैदानात उतरवण्याचा विचार ते व त्यांचे पुत्र डॅनी करत होते. हत्येमुळे तो बेत थांबला. ऑगस्ट २०१८ मध्ये, गाडीच्या बांधणीनंतर ५० वर्षांनी, डॅनी थॉम्पसन यांनी सुधारलेली 'चॅलेंजर २' बॉनव्हिल येथे दोन्ही दिशांनी पळवली आणि ताशी ४४८.७५७ मैलांची सरासरी नोंदवली. वडिलांच्या १९६० मधील प्रयत्नात अपुरी राहिलेली परतीची धाव या वेळी पूर्ण झाली.

नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने २००१ मध्ये जाहीर केलेल्या आपल्या पहिल्या अर्धशतकातील ५० सर्वोत्तम चालकांच्या यादीत थॉम्पसन यांचा समावेश आहे. विमानांच्या धावपट्टीवर रुजलेला हा खेळ पुढे जगभर पसरला. महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर अशा शर्यती भरवल्या गेल्या आहेत. भार मागच्या चाकांकडे नेणे, रुंद टायर आणि संकेतदिव्याने आरंभ ही थॉम्पसन यांच्या काळात पुढे आलेली तत्त्वे आजच्या ड्रॅग रेसिंगमध्येही पायाभूत मानली जातात.