अंतराचे गणित मांडणारे प्रशांतचंद्र

कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा आज बहुधा अमेरिकेतील वा चीनमधील कंपन्यांच्या नावाने सुरू होते. मात्र, समोर आलेली माहिती ओळखीची की अनोळखी, हे ठरविण्यासाठी संगणकाच्या हाती ज्या मोजपट्ट्या दिल्या जातात, त्यांपैकी एकीवर कोलकात्याच्या प्राध्यापकाचे नाव कोरलेले आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली पूर्णरूपात मांडलेले ते सूत्र ‘महालनोबिस अंतर’ या नावाने जगभरच्या अभ्यासक्रमांत शिकविले जाते. या सूत्राकडे नेणारी वाट सुरू झाली ती नागपुरात, आणि तीही यंत्रांच्या नव्हे, तर माणसांच्या मोजमापावरून.

प्रशांतचंद्रांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कोलकात्यातील एका ब्राह्मो कुटुंबात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. १९१३ साली ते इंग्लंडला गेले. केंब्रिज पाहायला गेले असता परतीची गाडी चुकली, मित्राकडे मुक्काम पडला आणि किंग्ज कॉलेजच्या वास्तूने भारावलेल्या या तरुणाने तेथेच प्रवेश घेतला. विषय होता भौतिकशास्त्र. १९१५ मध्ये शिक्षण आटोपून मायदेशी निघताना महायुद्धामुळे जहाज लांबले. त्या रिकाम्या दिवसांत कॉलेजच्या ग्रंथालयात एका अध्यापकाने त्यांचे लक्ष ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाच्या खंडांकडे वेधले. प्रशांतचंद्रांनी ते खंड विकत घेतले आणि बोटीवर वाचून काढले. सुटीपुरता आलेला हा विद्यार्थी मग परत गेलाच नाही. प्रेसिडेन्सीत ते भौतिकशास्त्र शिकवू लागले. मन मात्र संख्याशास्त्रात गुंतले होते.

१९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनात त्यांची गाठ प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांच्याशी पडली. कोलकात्यातील अँग्लो-इंडियन समाजातील व्यक्तींची शारीरिक मोजमापे अ‍ॅनंडेल यांच्यापाशी होती. त्या आकड्यांचा अर्थ लावून देण्याची विनंती त्यांनी या तरुण प्राध्यापकाला केली. त्यावरील पहिला निबंध १९२२ साली प्रसिद्ध झाला. पुढे बंगालमधील जातिसमूहांच्या मोजमापांकडे वळताना एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. दोन समूह एकमेकांच्या किती जवळ वा किती दूर आहेत, हे एकाच आकड्यात कसे सांगायचे?

प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. प्रत्येक मापातील फरक वेगवेगळा काढून त्यांची बेरीज केली, तर फसगत होते. कारण मापे एकमेकांशी निगडित असतात. सहा फूट उंचीची माणसे पुष्कळ असतात, पंचेचाळीस किलो वजनाचीही पुष्कळ असतात. पण या दोन्ही गोष्टी एकाच प्रौढ व्यक्तीत आढळल्या, तर ती व्यक्ती निश्चितच वेगळी ठरते. सुटी सुटी मापे पाहणाऱ्याला हे वेगळेपण दिसत नाही. मापांचा पसारा आणि त्यांचे परस्परसंबंध या दोहोंचा एकत्र हिशेब करून खरे अंतर सांगणारे सूत्र प्रशांतचंद्रांनी दिले.

सूत्रावर मात्र त्यांचा आंधळा विश्वास नव्हता. आधी आकडे तपासायचे, मग त्यांवर गणित करायचे, हा त्यांचा दंडक होता. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून भारतीय जातींची श्रेणी लावण्याचा खटाटोप केला होता आणि त्यांची आकडेवारी प्रमाण मानली जात होती. महालनोबिस यांनी बंगालविषयीची ती मोजमापे पुन्हा तपासली, त्यांतील विसंगती दुरुस्त केल्या आणि १९३३ मध्ये सुधारित आकडेवारी प्रसिद्ध केली. शिवाय, अंतर म्हणजे केवळ वेगळेपण. त्यातून कोणी श्रेष्ठ वा कनिष्ठ ठरत नाही. मापांच्या आधारे माणसांची उतरंड लावली जात असण्याच्या त्या काळात हा भेद महत्त्वाचा होता.

१९३१ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केली. प्रेसिडेन्सीतील त्यांची प्रयोगशाळा हेच तिचे पहिले घर. १९३३ पासून ‘सांख्य’ हे नियतकालिक निघू लागले. पुढे जगविख्यात झालेले सी. आर. राव १९४१ मध्ये याच संस्थेत आले. १९३७ पासून बंगालमधील तागाच्या पिकाची नमुना पाहणी सुरू झाली. येथेही माहिती गोळा करणाऱ्यांच्या चुका पकडण्याची युक्ती प्रशांतचंद्रांनी योजली. एकाच भागात दोन स्वतंत्र नमुने निवडायचे, दोन वेगळ्या तुकड्या पाठवायच्या आणि त्यांचे निष्कर्ष ताडून पाहायचे. तफावत मोठी असेल, तर दोष कुठे तरी माणसांच्या कामात आहे, हे कळून येई.

तरीही त्यांची स्वतःची मोजणी वादातीत राहिली नाही. पिकाचे उत्पन्न काढण्यासाठी ते शेतातील अगदी लहान तुकडा कापण्याच्या बाजूचे होते. सातारा जिल्ह्यात जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी त्यास हरकत घेतली. तुकडा लहान असला, की सीमेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते, असे सुखात्मे यांनी प्रयोगांनिशी दाखविले. सरकारी पीक कापणी प्रयोगांत पुढे मोठ्या तुकड्यांचीच पद्धत रूढ झाली. दोघा संख्याशास्त्रज्ञांमधील हा वाद कटू होता. पण त्यातून देशाला अधिक विश्वासार्ह आकडे मिळाले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे ते अध्यक्ष झाले; पुण्याचे धनंजयराव गाडगीळ त्या समितीचे सदस्य होते. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा प्रशांतचंद्रांच्या प्रतिमानावर उभा राहिला. अवजड उद्योगांवर भर देताना शेती व उपभोग्य वस्तूंकडे दुर्लक्ष झाल्याची टीका त्यावर झाली आणि आजही होते. याच काळात त्यांच्या संस्थेने आणखी एक पाऊल टाकले. मापे वाढली, की अंतराचे गणित हातयंत्रांवर करणे जिकिरीचे होई. १९५६ मध्ये ब्रिटनहून आणलेला ‘एचईसी-२एम’ हा संगणक संस्थेत कार्यान्वित झाला. भारतातील तो पहिला डिजिटल संगणक होय.

२८ जून १९७२ रोजी, ७९ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोलकात्यात त्यांचे निधन झाले. २००७ पासून त्यांचा जन्मदिन राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

सूत्राचा प्रवास मात्र थांबला नाही. कारखान्यातील यंत्राचा बिघाड वा आर्थिक व्यवहारातील गैरप्रकार हेरण्यासाठी ते वापरले जाते. कृत्रिम न्यूरल नेटवर्कपुढे पूर्वी कधीच न पाहिलेले चित्र आले, तरी ते ठामपणे चुकीचे उत्तर देऊन मोकळे होते. ही खोड ओळखण्यासाठी २०१८ साली दक्षिण कोरिया व अमेरिकेतील संशोधकांनी जी पद्धत मांडली, तिचा आधार महालनोबिस अंतर हाच होता. आपल्याला काय ठाऊक नाही, याची जाणीव यंत्राला करून देण्याचे काम ८२ वर्षांपूर्वीच्या त्या सूत्राने केले.

प्रशांतचंद्रांचा दुसरा वारसा मात्र तितक्या सहजतेने संगणकात उतरलेला नाही. सदोष माहितीवर पोसलेले यंत्र सदोष निर्णय देते आणि नोकरी, कर्ज वा पोलीस तपासात त्याची किंमत माणसे मोजतात. रिस्ले यांच्या वह्या पुन्हा तपासणाऱ्या आणि एकाच शिवारात दोन तुकड्या धाडणाऱ्या या शास्त्रज्ञाचे सूत्र जगाने उचलले; त्यांचा संशयी काटेकोरपणा उचलणे अद्याप बाकी आहे.