साथ आली, मोसम अडला : नूट रॉकनी आणि १९१८चे सहा सामने

शिरोली एमआयडीसी : २५ मार्च २०२० रोजी देशभर लॉकडाऊन लागला. एमआयडीसीतील कारखाने थांबले. शिफ्ट सुटल्यावर कामगार ज्या सामन्यांसाठी शाहू स्टेडियम गाठतात, ते सामनेही थांबले. मोसम रद्द करायचा, पुढे ढकलायचा की छोटा करायचा, हा प्रश्न तेव्हा जगभरच्या मैदानांवर होता. अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलला तो १०२ वर्षे आधीच पडला होता. त्या वर्षी नूट रॉकनी यांनी प्रशिक्षक म्हणून पहिला मोसम हाती घेतला. पुढे ते अमेरिकेतील सर्वांत नावाजलेल्या प्रशिक्षकांपैकी एक ठरले.

हा कोणता फुटबॉल?

पेठापेठांत खेळला जातो तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो. तो हातात घेऊन पळता येतो, सहकाऱ्याकडे फेकता येतो आणि प्रतिस्पर्ध्याला अंगावर जाऊन पाडता येते. तिथे कॉलेज संघांचे सामने बघायला हजारोंची गर्दी लोटते.

रॉकनी कोण होते?

जन्म ४ मार्च १८८८, नॉर्वेतील व्होस गावी. पाच वर्षांचे असताना कुटुंब शिकागोला आले. शाळेनंतर त्यांनी काही वर्षे टपाल खात्यात नोकरी केली आणि पैसे साठवून वयाच्या २२व्या वर्षी इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठात प्रवेश घेतला.

१ नोव्हेंबर १९१३ रोजी नोटर डेमने वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाला ३५-१३ असे हरवले. गस डोरेस यांनी चेंडू लांब फेकायचा आणि रॉकनींनी तो झेलायचा, हा डाव दोघांनी उन्हाळ्यात समुद्रासारख्या विस्तीर्ण सरोवराच्या काठी घोटून घेतला होता. पदवीनंतर रॉकनी तिथेच रसायनशास्त्र शिकवू लागले आणि सहायक प्रशिक्षकही झाले. १९१८मध्ये मुख्य प्रशिक्षक जेसी हार्पर शेती-पशुपालनासाठी कॅन्ससला निघून गेले आणि संघ तिशीतल्या रॉकनींकडे आला.

त्या मोसमात काय घडले?

२८ सप्टेंबर १९१८ रोजी नोटर डेमने क्लीव्हलँडच्या केस टेक संघाला २६-६ असे हरवले. त्याच दिवशी फिलाडेल्फियात युद्धकर्जासाठी प्रचंड मिरवणूक निघाली आणि पाठोपाठ त्या शहरात फ्लूने थैमान घातले. ऑक्टोबरमध्ये साथ देशभर पसरली. गावोगावी जमावबंदी आली आणि सामने एकामागोमाग रद्द झाले.

रॉकनींच्या संघाचा पुढचा सामना झाला तो थेट २ नोव्हेंबरला, म्हणजे पाच आठवड्यांनी. वाबाश संघाविरुद्ध ६७-७ असा विजय. मग ग्रेट लेक्स नौदल तळाच्या संघाशी ७-७ बरोबरी, मिशिगन कृषी महाविद्यालयाकडून १३-७ पराभव, पर्ड्यूवर २६-६ विजय आणि २८ नोव्हेंबरला नेब्रास्काशी ०-० बरोबरी. एकूण सामने सहा : तीन विजय, एक पराभव, दोन बरोबरी. वेस्ट पॉइंटशी दरवर्षी होणारा सामना त्या वर्षी झालाच नाही.

निर्णय कोणाच्या हाती होता?

एकट्या प्रशिक्षकाच्या हाती तर नव्हताच. महायुद्ध सुरू असल्याने कॉलेजांत विद्यार्थ्यांची लष्करी तुकडी उभी राहिली होती. त्यामुळे खेळाडूंचा प्रवास लष्कराच्या परवानगीवर, मैदान उघडणे आरोग्य अधिकाऱ्यांवर आणि प्रतिस्पर्धी येणार की नाही, हे त्यांच्या गावच्या परिस्थितीवर अवलंबून होते. प्रत्येकाने आपापल्या गावचे पाहिले. पिट्सबर्ग विद्यापीठाचा मोसम तर ९ नोव्हेंबरलाच सुरू झाला आणि महिन्याभरात पाच सामन्यांत आटोपला.

धोका किती होता?

त्या फ्लूने २० ते ४० वयाच्या धडधाकट माणसांना मोठ्या प्रमाणात ओढून नेले. म्हणजे खेळाडूंचे वय हेच जोखमीचे वय होते. हीच साथ जून १९१८मध्ये मुंबई बंदरातून भारतात शिरली आणि इथे एक कोटीहून अधिक माणसे दगावली.

रॉकनींना संसर्गाचा घाव दोन वर्षांनी बसला. त्यांचा सर्वोत्तम खेळाडू जॉर्ज गिप याला घशाचा संसर्ग आणि न्यूमोनिया झाला. १४ डिसेंबर १९२० रोजी तो वारला. वय अवघे २५. पेनिसिलिनचा शोध अजून आठ वर्षे लांब होता.

पुढे काय झाले?

अर्ध्यामुर्ध्या पहिल्या मोसमाने रॉकनींचे काही अडले नाही. १९१९ आणि १९२० या दोन्ही वर्षी संघ अजिंक्य राहिला. १३ मोसमांत १०५ विजय, १२ पराभव आणि ५ बरोबरी अशी त्यांची कारकीर्द आहे. १९३०मध्ये विद्यापीठाचे नवे स्टेडियम उभे राहिले. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्ससमध्ये विमान कोसळून रॉकनींसह आठ जण ठार झाले. विमानाचे पंख लाकडी होते. त्या अपघातानंतर अमेरिकेत विमान सुरक्षेचे नियम कडक झाले.

२०२०मध्ये तोच प्रश्न

कोरोनात ‘बिग टेन’ या विद्यापीठ गटाने ११ ऑगस्टला मोसम पुढे ढकलला आणि १६ सप्टेंबरला निर्णय फिरवला. एरवी स्वतंत्र खेळणारे नोटर डेम त्या एका मोसमापुरते दुसऱ्या गटात सामील झाले. रॉकनींच्या काळात, १९२६मध्ये, सुरू झालेला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्धचा सामना दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच चुकला. नोव्हेंबरमध्ये बलाढ्य क्लेमसनला हरवल्यावर मात्र साथीचे भान सोडून प्रेक्षक मैदानात घुसले.

कोल्हापूरने काय घ्यावे?

साथीत तारखा ठरवताना तीन गोष्टी आधी स्पष्ट हव्यात : सामना थांबवण्याचा अधिकार कोणाला, पुन्हा सुरू करण्याची अट कोणती आणि उरलेले सामने न झाल्यास गुणांचा हिशेब कसा. १९१८मध्ये हे ज्याने त्याने आपापल्या परीने ठरवले. हुकलेली स्पर्धा पुढच्या वर्षी भरवता येते. गिपसारखा पंचविशीतला गडी गेला, की संघाला तो परत मिळत नाही.