सायकलस्वार लक्ष्मणराव

सातारा मागे टाकून कराडकडे जाणाऱ्या महामार्गावर भल्या पहाटे एकटा मोटारसायकलस्वार हमखास दिसतो. मागच्या आसनावर कोणी नसते, बरोबर टोळकेही नसते. कराडहून तासगावच्या दिशेने वळले की दुतर्फा ऊस आणि पुढे द्राक्षबागा लागतात. हवे तेथे थांबावे, हवे तेव्हा निघावे, वेग आपण ठरवावा आणि तोलही आपणच सांभाळावा, एवढ्यासाठी हा प्रवास केला जातो. याच वाटेवर पलूसजवळ किर्लोस्करवाडी आहे. ही वाडी ज्यांनी वसविली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना महाराष्ट्र नांगर, पंप आणि कारखाने यांमुळे ओळखतो. त्यांच्या उद्योगाची पहिली पाटी मात्र सायकलच्या दुकानावर लागली होती, हे अनेकांच्या विस्मरणात गेले आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे मन पोथीत रमले नाही. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे हे त्याचे दोन छंद. वडिलांची नाराजी पत्करून आणि थोरले बंधू रामूअण्णा यांचा आधार घेऊन लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ले यांनी सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल तयार केली आणि जर्मनीत गॉटलिब डायम्लर यांनी दुचाकीवर इंजिन बसवून पाहिले. आजची सायकल आणि आजची मोटारसायकल या दोघींचे मूळ त्या एकाच वर्षात सापडते. मुंबईत कुंचला हाती धरलेल्या त्या सोळा वर्षांच्या मुलाला त्याची गंधवार्ताही असण्याचे कारण नव्हते.

दोन वर्षांनी कुंचला सुटला. आपल्याला काही रंगांमधील फरक ओळखता येत नाही, हे लक्ष्मणरावांच्या ध्यानात आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणासाठी याहून मोठा आघात कोणता असेल? परंतु यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत; तेथे रेषा आणि मापे पुरतात. रंग सोडून त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास चालू ठेवला. त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना यांत्रिक रेखाटनाच्या साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. शिकवणे संपले की ते संस्थेच्या कार्यशाळेत शिरत आणि यंत्रे कशी चालतात, कशी बिघडतात व कशी दुरुस्त होतात, हे हात काळे करून शिकून घेत.

मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली ती याच काळात. ते वाहन त्यांना भावले आणि ते चालवायला ते शिकले. त्या ओढीचे मोल जाणण्यासाठी तो काळ डोळ्यांपुढे आणायला हवा. सामान्य माणूस प्रवास करी तो पायी, नाहीतर बैलगाडीने, टांग्याने किंवा आगगाडीने. पायी चालणे सोडले, तर गतीचा लगाम नेहमी दुसऱ्याच्या हाती असे. घोडा बाळगणे ऐपतदाराचे काम होते आणि घोड्याला दाणावैरण, तबेला व मोतद्दार लागे. सायकलला यांतले काहीच लागत नव्हते. स्वतःच्या पायांच्या बळावर, पायी चालण्याच्या कितीतरी पट वेगाने आणि कोणाच्याही मर्जीवर न राहता एकट्याने जाता येईल, असे साधन प्रथमच उपलब्ध झाले होते. शिवाय तिच्यात झाकलेले असे थोडेच. दाते, साखळी, आऱ्या सारे नजरेसमोर फिरते. यांत्रिक रेखाटन शिकवणाऱ्या माणसाला यंत्रावर बसून यंत्र पाहण्याचा असा दुहेरी आनंद दुसरीकडे कोठे मिळाला असता?

या आनंदाचा त्यांनी व्यवसाय केला. १८८८ मध्ये रामूअण्णांच्या साथीने बेळगावात सायकलचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला धाडत; रामूअण्णा त्या विकत आणि घेणाऱ्यास चालवायलाही शिकवत. सायकलची किंमत तेव्हा शेकडो रुपयांच्या घरात होती. एवढे पैसे मोजणारा गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी पडला असता, तर वाहन अडगळीत गेले असते आणि दुकानाचे नावही खराब झाले असते. म्हणून विक्री आणि शिकवणी यांची सांगड घालणे भाग होते. शिकवणाऱ्याने आसन धरून काही अंतर धावायचे आणि योग्य क्षणी हात सोडायचा. त्यापुढचा तोल ज्याचा त्यालाच साधावा लागतो. यंत्राबद्दलची भीती व्याख्यानाने जात नाही, ते स्वतः चालवल्यावरच जाते, हा किर्लोस्कर बंधूंच्या धंद्याचा पहिला धडा होता.

नोकरीत मात्र लक्ष्मणरावांच्या पदरी निराशा आली. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि मुंबई सोडून बेळगाव गाठले. सायकलच्या दुकानाला जोडून छोटा कारखाना उभा राहिला. त्यात कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि पाठोपाठ लोखंडी नांगर.

खरी कसोटी नांगराने पाहिली. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. सायकल विकत घेणाऱ्याला फार तर गुडघे फुटण्याचे भय होते. नांगर घेणाऱ्याचा वर्षाचा घास पणाला लागत असे. त्यामुळे शेतकऱ्याच्या संशयाला हसून चालणार नव्हते. नांगर शेतात नेऊन जमीन उलटून दाखवणे, शेतकऱ्याने दाखवलेल्या उणिवा दूर करणे आणि पुन्हा त्याच्याकडे जाणे, एवढाच मार्ग होता. सायकलच्या दुकानात गिरवलेला धडा येथे कामी आला.

नांगर खपू लागले तोच बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी कारखान्याच्या जागेवरून त्यांना उठण्यास सांगितले. पुढे जायचे कोठे, हा प्रश्न होता. औंध येथील सभागृहाच्या कामानिमित्त लक्ष्मणरावांचा संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी संबंध आला होता. सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते आणि स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने लक्ष्मणरावांना दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज आणि कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळचा बत्तीस एकरांचा माळ दिला. माळावर निवडुंग माजला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा प्रारंभ झाला.

एकट्याने सायकल चालवण्यात रमलेल्या माणसाने एक अख्खे गाव वसवले, ही वरवर विसंगती वाटेल. परंतु त्या गावाची घडण पाहिली की संगती लागते. परदेशातील औद्योगिक वसाहतींविषयी लक्ष्मणरावांनी वाचले होते. तशी वसाहत आपल्या मातीत उभी करताना त्यांनी माणसे निवडली ती जात किंवा पदवी पाहून नव्हे. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास त्यांनी मज्जाव केला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणीच्या कामावर नेमले. शाळेची इयत्ता फारशी न चढलेले अनंतराव फळणीकर तेथे यंत्रांचे जाणकार म्हणून नावाजले. माणसाला काम शिकवावे आणि नंतर हात सोडून त्याच्यावर विश्वास टाकावा, ही रीत येथेही दिसते.

पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर घडवले गेले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेच्या स्थापनेपूर्वी काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव भटकंती केली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. १९२६ मध्ये पंप तयार झाला. बैल आणि मोटेवर अवलंबून असलेल्या विहिरींच्या मुलखात त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. चिरंजीव शंतनुरावांनी पुढे इंजिनांच्या निर्मितीत मोठी झेप घेतली.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. दरम्यान नकाशाही बदलला. औंध संस्थान विलीन झाले, जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि दक्षिण सातारा १९६० मध्ये सांगली जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. कर्ज देणाऱ्या राजाचे औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि त्या कर्जातून उभी राहिलेली वाडी सांगली जिल्ह्यात. कुंडल रोड स्थानकाचे नाव किर्लोस्करवाडी झाले आणि बेळगावात सायकलचे दुकान जेथे होते, तो रस्ता किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

पायंडलच्या जागी इंजिन आले आणि पायांच्या बळाची गरज संपली. तोल मात्र आजही चालवणाऱ्यालाच सांभाळावा लागतो. एकट्याने दुचाकी हाकण्याचे सुख या जबाबदारीतूनच येते. रंग हुकले, बढती हुकली, जागा गेली, मालाला गिऱ्हाईक मिळेना, तरी लक्ष्मणराव थांबले नाहीत. थांबलेली सायकल आडवी होते, हे त्यांना विशीच्या आतच ठाऊक झाले होते.