वैनगंगेकाठी आलेले टेंबे स्वामी आणि रोजचा नेम

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भाविक हो, मार्गशीर्ष लागला की आपल्या झाडीपट्टीत धान घरात आलेले असते आणि दत्तजयंतीचे वेध लागतात. शुद्ध अष्टमीपासून घरोघरी श्रीगुरुचरित्राचे सप्ताह बसतात. अशा वेळी दरवर्षी कुणी ना कुणी ज्येष्ठ एक खंत बोलून दाखवतात. गुडघे साथ देत नाहीत, सात दिवस आसनावर बसणे होत नाही, सोवळेओवळे सांभाळायला घरात माणूस नाही, मुले पुण्या-मुंबईला. मग आपल्या हातून काय सेवा होणार? या खंतीला उत्तर हवे असेल तर परमहंस परिव्राजकाचार्य श्री वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी महाराज, यांचे चरित्र डोळ्यांपुढे आणावे.

महाराजांचा जन्म सावंतवाडीजवळच्या माणगावचा, श्रावण वद्य पंचमी, इ. स. १८५४. आजोबा हरिभट्ट, वडील गणेशभट्ट, आई रमाबाई. घरात श्रीमंती नव्हती, पण दत्तभक्ती होती. वडील तर गाणगापुरी राहून श्रींची सेवा करीत. लहान वासुदेवाला आजोबांनी पहिले धडे दिले. आठव्या वर्षी मुंज झाली आणि संध्यावंदन सुरू झाले. पुढे ते दशग्रंथी विद्वान झाले, ज्योतिष शिकले, वैद्यकही जाणत. लोक त्यांना वासुदेवशास्त्री म्हणू लागले. पण या साऱ्याचा पाया पाहू गेले तर काय सापडते? रोजचे स्नान, रोजची संध्या, रोजचा गायत्रीजप. मुंजीनंतर घरोघरच्या मुलांना हे सांगितले जायचेच. बहुतेकांचे चार महिन्यांत सुटायचे. यांचे सुटले नाही, एवढाच काय तो फरक!

एकविसाव्या वर्षी लग्न झाले. पत्नी अन्नपूर्णाबाई. प्रपंच करीत असतानाही शास्त्रीबुवांचे नित्यकर्म चालूच होते. पुढे नरसोबाच्या वाडीची ओढ लागली. तिथे गोविंदस्वामींचा सहवास लाभला आणि दत्तोपासना दृढ झाली. १८८३ साली माणगावात त्यांनी दत्तमंदिर उभे केले. सात वर्षे तिथे श्रींची सेवा केली. गर्दी वाढली, नाव झाले. आपल्यासारखा माणूस तिथेच रमला असता. पण श्रींची आज्ञा झाली म्हणून ते सारे तसेच सोडून, फक्त पत्नीला बरोबर घेऊन ते निघाले. मंदिर मागे राहिले, नेम बरोबर गेला.

इथून पुढचा प्रसंग मन लावून वाचावा. १८९१ साल, वैशाख महिना. दोघे गोदावरीकाठी गंगाखेडला होते. तिथे अन्नपूर्णाबाईंना पटकीने गाठले आणि त्यांनी देह ठेवला. परके गाव, वय अवघे सदतिसाच्या आतबाहेर, सोळा वर्षांची सोबत संपलेली. महाराजांनी तेरा दिवस उत्तरक्रिया यथासांग केली आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला. पुढे उज्जयिनीस जाऊन नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला.

जोडीदार गेल्याचे दुःख आपल्यापैकी अनेकांनी सोसले आहे. त्या दिवसांत सकाळी उठावेसे वाटत नाही, जेवणावर वासना नसते. आपल्या शास्त्रकारांनी हे ओळखले होते. म्हणून तर सुतकातही संध्या साफ बंद करा असे ते म्हणत नाहीत. अर्घ्य द्यावे, बाकी मनातल्या मनात करावे, अशी सवलत देतात. माणूस खचला की नेम लहान करायचा, सोडायचा नाही. यात केवढे शहाणपण आहे! महाराजांच्या मनाने त्या तेरा दिवसांत काय सोसले ते आपण कोण सांगणार? पण आठव्या वर्षापासून ज्याने एक दिवस दुसऱ्याला जोडला, त्याच्या पायाखाली त्या दिवशी जमीन होती एवढे खास.

संन्यासानंतर तेवीस चातुर्मास झाले. पहिला उज्जयिनीला, मग ब्रह्मावर्त, बदरीकेदार, गंगोत्री, पुढे द्वारका, तंजावर, कुरवपूर. सारा प्रवास पायी. पायात पादत्राण नाही, वाहनात बसणे नाही, द्रव्याला स्पर्श नाही. भिक्षा मिळेल तीच. एकीकडे संग्रहणीने शरीर पोखरलेले. असे असूनही त्रिकाळ स्नान, दंडतर्पण, जप, भाष्यपाठ यांची घडी मोडली नाही. याच धावपळीत संस्कृत आणि मराठी मिळून ग्रंथांची रास उभी राहिली. दत्तपुराण, द्विसाहस्री, सप्तशती गुरुचरित्रसार, दत्तमाहात्म्य, किती नावे घ्यावीत! एवढे लिखाण एका बैठकीत होत नसते. रोज थोडे, पण रोज.

आता आपल्या मुलखाची गोष्ट. १९०९ सालचा चातुर्मास महाराजांनी पवनीला केला, आपल्या वैनगंगेच्या काठी! त्या काळी आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातच होता. वेगळा झाला तो १९९९ मध्ये. म्हणजे महाराज आपल्याच जिल्ह्यात राहून गेले म्हणायला हरकत नाही. तिरोड्याकडून जे पाणी खाली जाते, त्याच पाण्यात त्यांनी स्नान केले. नागपूरहून गोंदियावरून कलकत्त्याकडे आगगाडी तेव्हा धावू लागली होती. जग वेगाच्या मागे लागले होते आणि हा संन्यासी अनवाणी पायांनी एकेक गाव मागे टाकीत होता. दिवस पावसाचे, बांध्यांमध्ये रोवणीचे. एकेक पऱ्हा हाताने लावून सारी बांधी हिरवी करणारे आपले लोक होते. महाराजांची साधना त्यांना वेगळी समजावून सांगावी लागली नसती.

इथे एक शंका येईल. एवढे कडक आचरण आपल्याला कसे जमावे? बरोबर आहे, जमणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. महाराज स्वतःशी कठोर होते, पण प्रापंचिकांसाठी त्यांनी काय ठेवले ते पाहा. अठरा अक्षरी दिगंबरा मंत्र, जो पोळ्या लाटतानाही म्हणता येतो. करुणात्रिपदी, म्हणजे तीन पदे, दिवेलागणीला दहा मिनिटांत होतात. १९११ साली कुरवपुरी रचलेले घोरकष्टोद्धारण स्तोत्र, मोजके पाच श्लोक आणि फलश्रुती. कुमार, तरुण आणि वृद्ध यांच्यासाठी तर त्यांनी तीन वेगवेगळ्या शिक्षा लिहिल्या. ज्याचे जसे वय, ज्याची जशी शक्ती, तसे त्याचे साधन.

तेव्हा ज्येष्ठहो, गुडघे दुखतात तर खुर्चीवर बसा. अध्याय होत नसेल तर पाच ओव्या वाचा. डोळे साथ देत नसतील तर एक माळ ओढा. वेळ मात्र ठरलेली ठेवा आणि जागा तीच ठेवा. मग सकाळी उठायला कारण मिळते, स्नान वेळेवर होते, देवापुढे दिवा लागतो, रात्रीच्या उलटसुलट विचारांना आळा बसतो. एखादा दिवस चुकला तर कपाळाला हात लावून बसू नका. दत्तमहाराज हिशेबनीस नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. महिनाभराचा संकल्प दडपण आणतो, आजचा नेम आणत नाही. बांधीचा धुरा तो केवढासा, हातभर मातीचा. पण तो रोज निगुतीने सांभाळला तरच पाणी थांबते आणि पीक येते.

महाराजांचा शेवटचा मुक्काम नर्मदाकाठी गरुडेश्वरला झाला. आषाढ शुद्ध प्रतिपदेला, १९१४ साली, त्यांनी तिथे देह ठेवला. वय साठीच्या उंबरठ्यावर. मागे ना पैसा, ना जमीनजुमला. मागे राहिले ते ग्रंथ, शिष्यांची मोठी परंपरा आणि हजारो घरांतली संध्याकाळची करुणात्रिपदी. ते बंधू सीताराम महाराजही याच वाटेने गेले. त्यांची समाधी आपल्या विदर्भातच, बडनेऱ्याच्या झिरीला आहे.

यंदा दत्तजन्माचा पाळणा हलवून झाला, प्रसाद घेऊन झाला की घरी जाताना एवढेच ठरवू या. उद्या सकाळी, ठरल्या वेळी, ठरल्या जागी, जमेल तेवढे. आणि परवाही तेच.

॥ श्री सद्गुरुचरणी समर्पित ॥