लोककवी वामनदादा कर्डक : जीवन आणि कार्य

चौदा एप्रिलच्या रात्री महाराष्ट्रातील ज्या वस्तीत वामनदादा कर्डकांचे गीत ऐकू येत नाही, अशी वस्ती विरळाच. मात्र गाणारा आणि ऐकणारा या दोघांनाही कवीचे नाव पुष्कळदा ठाऊक नसते. याला लोकमान्यतेची खूण समजावे की आपली हेळसांड, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला पडल्यावाचून राहत नाही.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. वडिलांचे नाव तबाजी, आईचे सईबाई. आपल्या राहात्याहून शिर्डीमार्गे नाशिककडे जाताना पाटपाण्यावरचा ऊस मागे पडतो आणि कोरडवाहू सिन्नर तालुका लागतो. त्या मातीतला हा माणूस. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, तेव्हा वामन सात वर्षांचा होता. त्या वयाच्या मुलाच्या हाती पाटी-पुस्तक असावयाचे. त्याच्या वाट्याला ते आले नाही.

पोटासाठी ते मुंबईस आले. गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत राबले. चित्रपटात नट व्हावे, ही हौसही त्यांनी काही काळ बाळगली. तेथेच त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना घडली, आणि आपल्यासारख्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत ती विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. कोणा एकाने आपले पत्र वाचून घेण्यासाठी मोठ्या विश्वासाने वामनदादांच्या हाती दिले. त्यांना अक्षरओळख नव्हती. समोरचा माणूस आपल्याला शिकलेला समजतो आणि आपण कागद उलटसुलट करीत उभे आहोत, ही लाज त्यांना असह्य झाली, ते रडले. त्यानंतर ऐन तारुण्यात ते देहलवी मास्तरांकडे बाराखडी गिरवू लागले. जोडाक्षरांचा सराव त्यांनी दुकानांवरच्या पाट्या वाचून केला. मुंबईचा रस्ता हीच त्यांची पहिली आणि शेवटची शाळा. ज्याला साधे पत्र वाचता आले नाही, त्याने पुढे हजारोंना पाठ होतील अशी गीते रचली.

पहिले गीत त्यांनी ३ मे १९४३ रोजी रचले. ते एका हिंदी गाण्याचे विडंबन होते, हे विशेष. चळवळीचा कवी थट्टेच्या गाण्यातून घडावा, हे थोडे गमतीचेच. परंतु ओळखीच्या चालीत नवे शब्द बसविण्याचे कसब त्यांना येथूनच लाभले असावे. या कसबाचे मोल मोठे आहे. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ व १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढले, तेव्हा ज्यांच्यासाठी ती पत्रे होती त्यांतील बहुसंख्यांना वाचता येत नव्हते. ही उणीव आधी जलशांनी आणि मग वामनदादांसारख्या कवींनी भरून काढली. निंदणी करणाऱ्या बाईलाही कामाच्या ओघात उचलता यावी, अशी त्यांची भाषा साधी आणि ठसठशीत असे. खांद्याला पिशवी, साथीला ढोलकी आणि मानधनाची घासाघीस नाही, अशा थाटात त्यांनी खेडोपाडी कार्यक्रम केले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्धाची करुणा ज्यांनी प्रथम सुरांतून ऐकली, त्यांच्या कानी पडलेल्या गीतांत वामनदादांचा वाटा फार मोठा आहे.

तथापि त्यांना केवळ भीमस्तुतीचे गायक मानणे अन्यायाचे होईल. देशाच्या संपत्तीत कष्टकऱ्यांचा हिस्सा कोठे आहे, असा जाब त्यांनी बड्या उद्योगपतींची नावे घेऊन विचारला. अधिक बोचणारी आहेत ती आपल्यावर रोखलेली गीते. बाबासाहेबांचा जयजयकार करणारे पुष्कळ, त्यांच्या मताने चालणारे थोडे, हे त्यांनी जयंतीच्या मंचावरूनच, पुढाऱ्यांच्या देखत सुनावले. आज तीच गीते प्रचंड ध्वनिवर्धकांवर वाजतात आणि आपण त्यांवर नाचतो.

खासगी आयुष्यात सुख बेताचेच. पहिला संसार मोडला, लहानगी लेक दगावली. पुढे दुसरा विवाह झाला, पण भ्रमंती आणि ओढग्रस्त संपली नाही.

‘वाटचाल’ हा संग्रह १९७३ मध्ये आला. पहिल्या गीतानंतर तब्बल तीस वर्षांनी. ‘मोहळ’ (१९७६) आणि ‘हे गीत वामनचे’ (१९७७) त्यामागून आले. दलित साहित्याची छापील चर्चा याच काळात जोमात होती, परंतु गीतकाराला कवी म्हणण्यास समीक्षक नाखूश असत. गेय ते उथळ, असा त्यांचा काहीसा ग्रह होता. अभंग आणि ओवी याच भाषेत झाली, याचा त्यांना विसर पडला असावा. १९९३ मध्ये वर्धा येथील पहिल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वामनदादांना मिळाले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. १९९६ मध्ये ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

संतकवींप्रमाणे तेही शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा गुंफत. गायकाने वेळेअभावी ते कडवे गाळले, की गीताबरोबरचे कवीचे नावही गळून पडते. ग्रंथरूपाने न आलेली गीते जुन्या गायकांच्या वह्यांत आणि वृद्ध मायबहिणींच्या मुखी विखुरलेली आहेत. वह्यांचा कागद जीर्ण होत चालला आहे आणि त्या मायबहिणी आता थकल्या आहेत.